बियांवरून जुनी पाणथळ उभी करताना

पाणथळीचा इतिहास शोधायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी परागकणांकडे जातो. ते साहजिकच आहे, पण पाणथळीत पराग फार लवकर तोकडे पडतात. लव्हाळ्यांच्या कुळातला पराग हाती आला तर ‘सायपरेसी’ एवढं लिहून थांबावं लागतं. गवताचा पराग पाण्यात उभ्या नळ या उंच गवताचा की काठापलीकडच्या माळावरच्या गवताचा, हे बहुतेकदा सांगता येत नाही. शिवाय पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो. बिया आणि फळं जड असतात. तळ्याच्या गाळात एखाद्या लव्हाळ्याचं फळ सापडलं, तर ते झाड बहुधा तिथंच, काही मीटरच्या आत उभं होतं. आणि ते फळ नीट टिकलेलं असेल तर ओळख प्रजातीपर्यंत नेता येते.

याची दुसरी बाजू आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी कामं त्यावर उभी आहेत. बी सांगते कोण होतं आणि कुठं होतं. किती होतं, हे ती सांगत नाही. जंकस या काठावरच्या, लव्हाळ्यासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीचं एक रोप हजारो बिया टाकतं. सेराटोफायलम ही पाण्यात बुडालेली वनस्पती; ते तुकड्या-तुकड्यांनी वाढतं आणि फळ क्वचितच धरतं, म्हणून तळं त्यानं भरलेलं असलं तरी गाळात एखादंच फळ मिळतं. नळ जमिनीखालच्या खोडांनी पसरतो आणि त्याच्या बिया गाळात जवळजवळ टिकतच नाहीत. म्हणजे 400 बियांची प्रजाती किरकोळ असू शकते, आणि शून्य बियांच्या प्रजातीनं निम्मी पाणथळ व्यापलेली असू शकते.

इथं सांगितलेली पद्धत पाण्याखाली, हवेविना टिकलेल्या अवशेषांसाठी आहे. सिलिका भरून दगड झालेल्या फळांना ती लागू नाही; तिथं दगडाचे पातळ काप घ्यावे लागतात.

जागा आणि कोअर

लहान, बंदिस्त खोलगट तळं सगळ्यात चांगलं. ओढा किंवा नदी आत येत असेल तर पाणलोट क्षेत्रातल्या बिया वाहून येतात आणि ‘काही मीटरच्या आत’ हा भरवसा संपतो. नदीनं सोडून दिलेल्या वळणातल्या तळ्यांत काम करता येतं, पण पुराचे थर वेगळे ओळखून बाजूला ठेवावे लागतात.

कोअर म्हणजे नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा, सलग दांडा. परागतज्ज्ञ सहसा तळ्याच्या सगळ्यात खोल मध्यभागी कोअर घेतात. आपल्याला तेवढ्यावर भागत नाही. बिया काठाजवळ जास्त पडतात, मध्यभागी विरळ होतात. म्हणून काठापासून मध्यापर्यंत एका रेषेत किमान तीन कोअर घ्या. आधी लोखंडी सळई खुपसून गाळाची खोली ठिकठिकाणी मोजून ठेवा, नाहीतर बुडालेला उंचवटा मधोमध येतो आणि रेषा फुकट जाते. आणि कुठलीही सळई खुपसण्याआधी परवानगी घ्या. पाणथळी बऱ्याच ठिकाणी संरक्षित असतात.

पीटमध्ये, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थरात, रशियन कोअरर वापरतात. तो बाजूनं गाळ कापतो, त्यामुळे थर फारसे दाबले जात नाहीत. तळ्याच्या मऊ गाळासाठी डी. ए. लिव्हिंगस्टन यांनी 1955 साली मांडलेला पिस्टन कोअरर, किंवा त्याच्या पुढच्या आवृत्त्या. दोन्हींची अडचण एकच: व्यास कमी, म्हणजे गाळ कमी. परागाला 1 मिलिलिटर पुरतो. बियांना एका नमुन्यासाठी 50 ते 100 मिलिलिटर लागतो. म्हणून शेजारी-शेजारी दोन किंवा तीन कोअर घ्यायचे आणि त्यांचे जोड एका खोलीवर येणार नाहीत असे वर-खाली सरकवायचे. उत्खननाचा खड्डा किंवा पीट कापलेली भिंत मिळाली तर कोअरच्या भानगडीत पडूच नका. भिंतीत पत्र्याची पेटी ठोकून सलग ठोकळा काढा.

प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू, खोली आणि तारीख लगेच लिहा. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून साधारण 4 अंश सेल्सिअसला, अंधारात ठेवा. वाळू देऊ नका.

थर वाचणं, मग कापणं

कोअर उघडल्यावर लगेच सुरी चालवायची नाही. गाळ आधी नजरेनं वाचा: रंग, पोत, तंतू, शिंपले, थर एकदम बदलतो की हळूहळू. वर्णनासाठी डेन्मार्कच्या ट्रोल्स-स्मिथ यांची 1955 ची पद्धत अजून टिकून आहे. तिच्यात गाळाचे घटक चारपैकी गुण देऊन नोंदवतात, म्हणजे दोन माणसांची वर्णनं एकमेकांशी ताडता येतात. जोडीला भाजणी करून घ्या. वाळवलेला नमुना 550 अंशांना जाळला की सेंद्रिय भाग उडतो, 950 अंशांना कार्बोनेट. या दोन आकड्यांवरून चुनखडीचा तळगाळ संपून पीट कुठं सुरू झालं, हे स्पष्ट दिसतं.

कापताना कोअरचा बाहेरचा पापुद्रा खरवडून टाका. नळी खाली जाताना वरचा गाळ कडेला फासला जातो आणि त्यात वरच्या थरातल्या बिया असतात. नमुने शक्यतो सलग घ्या, अंतर सोडून नव्हे, कारण काठावरची झाडं दोन-तीन सेंटिमीटर गाळातच बदलून जातात. घनफळ मोजायला मोजपात्रात ठराविक पाणी घ्या, गाळ टाका, पाणी किती चढलं ते लिहा. हा आकडा राहून गेला तर त्या नमुन्याची तुलना पुढे कशाशीच होत नाही.

धुणं

बहुतेक पीट रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं की सुटतं. घट्ट असेल तर 5 ते 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडा वेळ कोमट ठेवा. उकळत बसू नका. पातळ सालीच्या बिया आणि पानं विरघळल्यासारखी होतात. हे द्रावण त्वचा आणि डोळे जाळतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. चिकणमातीसाठी सोडियम पायरोफॉस्फेट. चुनखडीच्या गाळात मात्र ॲसिड ओतण्याचा मोह टाळा, कारण कॅरा शैवालाची चुना चढलेली बीजुकं आणि शिंपले त्यात नाहीसे होतात, आणि त्या थराची अर्धी माहिती त्यांच्यातच असते.

चाळण्या तीन: 500, 250 आणि 125 मायक्रॉन. 125 ची चाळणी कंटाळवाणी असते म्हणून ती वगळण्याकडे कल असतो. पण जंकसच्या बिया जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, आणि पाणकणसाची बी एक मिलिमीटरच्या आसपास लांब असली तरी इतकी सडपातळ की उभी होऊन जाड जाळीतून निसटते. पाणथळीच्या काठाची ही दोन मोठी नावं एका आळसापायी अहवालातून गायब होतात.

पाणी हलकं सोडा, बोटांनी चोळू नका. दोन नमुन्यांमध्ये चाळणी उलटी धरून जोराच्या धारेनं धुवा आणि जाळी भिंगाखाली पाहा. अडकलेली एक बी पुढच्या नमुन्यात गेली की ती तिथं हजारभर वर्षं चुकीच्या जागी बसते.

भिंगाखाली

पेट्री डिशमध्ये पाण्याचा पातळ थर, त्यात चमचाभर अवशेष, 10 ते 40 पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, आणि बारीक ब्रश. चिमटा फक्त टणक बियांना. जाड भाग पूर्ण तपासा. 125 च्या भागातला ठराविक हिस्सा तपासला तरी चालतो, पण कितवा हिस्सा ते लिहून ठेवा.

फक्त बिया वेचू नका. पानांचे तुकडे, कळ्यांचे खवले, शेवाळाच्या फांद्या, मूळखोडांची साल, कोळशाचे कण, पाणपिसवांची अंडीपेटी, भुंग्यांचे पंख, सगळं वेगळं काढा. बी नसलेली झाडं या कचऱ्यात सापडतात. सेराटोफायलमचं फळ नसलं तरी त्याच्या पानावरचे बारीक काटे भरपूर मिळतात. नळ त्याच्या चपट्या मूळखोडावरून आणि सालीच्या पेशींवरून कळतो. कमळकुळातली झाडं पानांतल्या ताठर, फांद्या फुटलेल्या पेशींवरून. स्फॅग्नम शेवाळाचं एक पान काचपट्टीवर ठेवलं तरी पुरतं: मोठ्या, रिकाम्या, छिद्रं असलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये दाबलेल्या अरुंद हिरव्या पेशींची जाळी दुसऱ्या कशाचीच नसते.

भेसळीवर डोळा ठेवा. जुन्या थरातली बी बहुधा पोकळ असते, नुसतं टरफल उरलेलं. आत गर असेल, रंग ताजा असेल, तर वरून पडलेली असण्याची शक्यता जास्त. पण यालाही नियम करू नका. चीनच्या लिआओनिंग प्रांतात कोरड्या पडलेल्या जुन्या तळ्याच्या गाळातली, सुमारे 1,300 वर्षं जुनी ठरलेली कमळाची बी रुजली होती.

ओळख पटवणं

घाई इथं सगळ्यात महाग पडते. चित्रांची पुस्तकं आणि ऑनलाइन छायाचित्रं उपयोगी आहेत, पण ओळख शेवटी पटते ती आजच्या झाडांवरून स्वतः गोळा केलेल्या बियांच्या संग्रहाशी ताडून. संग्रहातल्या काही बिया मुद्दाम कुजवून, वरची साल काढून ठेवा. गाळातली बी कधीच ताज्या बीसारखी दिसत नाही, कारण मऊ आवरण आधीच गेलेलं असतं.

लव्हाळ्यांपासून सुरुवात करा, कारण ती सगळीकडे असतात. केरेक्स या लव्हाळ्याचं फळ मुळात एका पिशवीत असतं. गाळात ती पिशवी बहुतेकदा फाटलेली किंवा गेलेली असते आणि उरतं ते आतलं कठीण फळ. पहिला प्रश्न: कडा किती? तीन कडांचं फळ म्हणजे फुलात तीन कुक्षी होत्या, दोन बाजूंनी फुगीर म्हणजे दोन. एवढ्यावर केरेक्सचे दोन मोठे गट वेगळे होतात. त्यापुढं प्रजातीपर्यंत जायला पिशवी हवी; ती नसेल तर ‘केरेक्स, तीन-कडी’ असं लिहून थांबण्यात कमीपणा नाही. इलिओकॅरिसच्या फळाच्या डोक्यावर परागवाहिनीचा फुगलेला तळ टोपीसारखा उरतो. शीनोप्लेक्टसच्या बुडाशी राठ केस असतात, निदान त्यांची खुंटं तरी.

पोटॅमोजेटॉन या पाणवनस्पतीची आठळी एकदा ओळखता आली की विसरत नाही. बाजूनं पाहिली तर वाकडी, मधे खळगा, कधी आरपार भोक. पाठीवर एक लांबट झाकण असतं. रुजताना तेच उघडतं, म्हणून गाळात झाकणं सुटी सापडतात आणि नवशिके त्यांना वेगळीच बी समजतात. झाकणाची रुंदी, ते किती वरपर्यंत जातं, टोकाची चोच मध्यावर आहे की कडेला, यावरून प्रजाती सुटतात. मोजताना दोन झाकणं आणि एक आठळी यांना तीन फळं धरू नका.

नाजस या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीत बीचा पृष्ठभाग बोलतो. नाजस मरीनाची बी मोठी आणि खडबडीत खड्ड्यांची. नाजस फ्लेक्सिलिसची लांबट, गुळगुळीत, चमकदार. नाजस मायनरवर आडव्या पेशींच्या रांगा शिडीच्या पायऱ्यांसारख्या. निम्फिया आणि न्यूफर या कमळकुळातल्या, तरंगत्या पानांच्या जोडीत न्यूफरची बी मोठी आणि गुळगुळीत, निम्फियाची लहान आणि पेशींच्या उभ्या रांगांची. दोन्हींना टोकाशी गोल झाकण असतं. कॅराची बीजुकं सर्पिल कंगोऱ्यांवरून शेकड्यांनी ओळखता येतात, पण प्रजातीचा नाद बहुधा सोडलेलाच बरा.

खात्री नसेल तर तसं नावातच दिसू द्या: ‘सदृश’, ‘प्रकार’, ‘गट’. तक्त्यात सगळीच नावं ठाम दिसली की माझा विश्वास कमी होतो.

वय

किरणोत्सारी कार्बनवरून गाळाच्या थराचं वय काढायला त्याच थरातल्या बिया उत्तम, पण कोणत्या बिया हे महत्त्वाचं. पूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती पाण्यात विरघळलेला कार्बन घेतात. परिसरात चुनखडक असेल तर त्या पाण्यात खडकातला, किरणोत्सार केव्हाच संपलेला कार्बन मिसळलेला असतो, आणि वय शेकडो वर्षांनी, कधी त्याहूनही जास्त, जुनं येतं. कॅरा, नाजस, पोटॅमोजेटॉन म्हणून बाद. लव्हाळी, पाणकणीस, काठावरची झाडं पानं हवेत ठेवतात. त्यांच्या बिया, कळ्यांचे खवले आणि पानं द्या. एएमएस या, कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या पद्धतीला काही मिलिग्रॅम कोरडा माल पुरतो. तो वेचल्यावर शुद्ध पाण्यात धुऊन, काचेच्या कुपीत लगेच वाळवा. ओला माल महिनोन्‌महिने पाण्यात राहिला की त्यावर बुरशी वाढते, तिच्यातला कार्बन आजचा असतो आणि वय तरुण येतं. कार्बनची ही पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंतच पोचते.

मोजणी आणि आलेख

परागासारखी टक्केवारी काढू नका. वर सांगितलेल्या कारणानं जंकस 80 टक्के आणि नळ 0 टक्के असा आलेख निघतो, आणि तो दिसायला नीटनेटका असल्यामुळे लोक त्यावर विश्वास ठेवतात. प्रत्येक प्रजातीचा आकडा ठराविक घनफळावर आणा, उदाहरणार्थ 100 मिलिलिटरमागे. वयाचं गणित नीट बसलं असेल तर दर वर्षी दर चौरस सेंटिमीटरला किती पडल्या तेही काढता येतं. पानं, मूळखोडं, शेवाळ यांना संख्या देण्याऐवजी ‘तुरळक, मध्यम, भरपूर’ अशी श्रेणी पुरते.

आलेखात प्रजाती वर्णानुक्रमे नको, पाण्याच्या खोलीप्रमाणे लावा: आधी पूर्ण बुडालेल्या, मग तरंगत्या पानांच्या, मग पाण्यात पाय ठेवून उभ्या, मग लव्हाळ्यांचा पट्टा, शेवटी ओली झाडी. एवढ्यानंच अर्धी कथा डोळ्यांना दिसते. गट पाडायला टिलिया या संगणक-प्रणालीतलं कोनिस वापरतात. ते सोयीचं आहे, पण सीमा कुठं येते हे गाळाच्या थरांशी ताडल्याशिवाय मानू नका.

आणखी एक काम, जे बहुतेकजण टाळतात: आजच्या पाणथळीत, डोळ्यांसमोर जी झाडं आहेत त्यांच्या बुडाचा वरचा गाळ घ्या आणि अगदी याच पद्धतीनं धुवा. कोणत्या झाडाच्या किती बिया गाळात उतरतात, याचा हिशेब तिथंच मिळतो. जुन्या आकड्यांना अर्थ देण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही.

थरांतून चित्र

एक कल्पित कोअर घेऊ. तळाशी फिकट चुनखडीचा गाळ, त्यात कॅराची बीजुकं शेकड्यांनी आणि नाजस. म्हणजे स्वच्छ, प्रकाश तळापर्यंत पोचणारं पाणी आणि बुडालेली कुरणं. त्यावर तपकिरी सेंद्रिय गाळ: निम्फिया, पोटॅमोजेटॉन, सेराटोफायलमचं एकच फळ पण पानांचे काटे भरपूर. कॅरा संपलेली. पोषकद्रव्यं वाढली, वरच्या पानांनी तळाचा प्रकाश अडवला. त्यावर राठ तंतूंचा थर: नळाची मूळखोडं, पाणकणीस, शीनोप्लेक्टस. मग पीट आणि तीन-कडी केरेक्स.

सरळ गोष्ट दिसते: तळं भरत गेलं. पण तिसऱ्या थरात निम्फियाच्या बियाही आहेत. ते झाड नळांमध्ये वाढत होतं का? निम्फियाच्या बीभोवती हवा धरणारं आवरण असतं, ती काही काळ तरंगते, वारा तिला काठाशी लोटतो. तेव्हा त्या थरात निम्फियाच्या पानातल्या पेशी शोधा. त्या नसतील तर बिया पाण्यानं आणलेल्या, झाड पलीकडच्या उघड्या पाण्यात.

दुसरा प्रश्न जास्त कठीण: पाणी उतरलं की गाळच चढला? एका कोअरवरून हे कधीच कळत नाही, आणि रेषेत तीन कोअर घेण्याचा खटाटोप यासाठीच होता. नळांचा थर काठाच्या कोअरमध्ये आधी आणि मध्यात शेकडो वर्षांनी आला असेल, तर तळं आपल्या चालीनं भरत होतं. तिन्ही कोअरमध्ये तो एकाच सुमाराला आला असेल, तर पाण्याची पातळी उतरली. आणि पीटच्या वर पुन्हा कॅरा किंवा निम्फिया दिसली, तर पाणी परत चढलं. भरणारं तळं आपणहून उलटं जात नाही.

हवामानाबद्दल बोलताना एक-एक प्रजाती मोलाची ठरते. स्वीडन आणि फिनलंडच्या होलोसीन काळातल्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या, तळ्यांत शिंगाड्याची फळं सापडतात. तिथल्या आजच्या तळ्यांत शिंगाडा नाही, आणि तेव्हाचे उन्हाळे जास्त ऊबदार होते यासाठी तो पुरावा मानला जातो. इस्राएलमधल्या गेशेर बेनोत याकोव या सुमारे 7,80,000 वर्षं जुन्या स्थळी, जुन्या हुला तळ्याच्या काठच्या गाळात, शिंगाड्यासोबत मखान्याच्या बिया निघाल्या आहेत. मखाना आज दक्षिण आणि पूर्व आशियात वाढतो. पण त्याच ठिकाणी माणसांची दगडी हत्यारंही आहेत. म्हणून तिथं आणखी एक गोष्ट तपासावी लागते: बी पाण्यानं आणून टाकली, की कुणी खाण्यासाठी उचलून आणली? मानवी वस्तीच्या थराशेजारी, माणसाचा स्पर्श नसलेल्या त्याच काळाच्या गाळाचा एक नमुना नेहमी घ्या आणि दोन्हींतल्या बियांचं प्रमाण, फुटण्याची तऱ्हा, जळालेले तुकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

नसण्याला मात्र पुरावा धरू नका. डकवीड ही पाण्यावर तरंगणारी इवलीशी वनस्पती गाळात क्वचितच सापडते. त्यावरून तळ्यावर ती नव्हती असं म्हणता येत नाही.

ठेवणं

ओळखलेल्या बिया ग्लिसरीन किंवा अल्कोहोलमध्ये, प्रजातीप्रमाणे वेगळ्या कुप्यांत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून कुपीच्या आत टाका. बाहेरची शाई अल्कोहोल लागलं की पुसते. धुऊन उरलेला गाळही फेकू नका. दहा वर्षांनी कुणाला तुमची केरेक्स तपासून पाहायची असेल, किंवा त्याच नमुन्यातून भुंगे वेचायचे असतील, तर त्यांना आकड्यांच्या तक्त्यापेक्षा त्या कुप्याच लागतील.